दोन आखूड हॉर्न

१

मालक मेले ते स्वतःच्याच गाडीत, स्टिअरिंगवर डोकं टेकून. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा डुलकी काढतोय. जवळ गेल्यावर मानेत मागून घुसलेला स्क्रू ड्रायव्हर दिसायचा. गाड्यांची कुलपं फोडायला टोकं घासून धार लावलेले असे ढिगानं त्या आवारात पडलेले असत. हा मुठीपर्यंत आत गेला होता. रक्त शर्टातून, सीटमधून झिरपत खाली पायाशी साचलं होतं.

जगाच्या लेखी ते भंगाराचं यार्ड होतं. चोरीच्या गाड्या आत यायच्या, सुटे भाग होऊन बाहेर जायच्या, आणि उरलेला सांगाडा प्रेसमध्ये जायचा. प्रेस म्हणजे अख्खी गाडी चेपून तिची पेटी करणारं धूड. काही पेट्या नेहमीपेक्षा जड भरतात, असं लोक दबक्या आवाजात बोलत. मोठ्यानं बोलणारे दोघंतिघं पुन्हा दिसले नव्हते.

फौजदार निवृत्त झाले होते, तरी लोक त्यांना फौजदारच म्हणत. चहाचा कप तोंडाला लावतात न लावतात तोच फोन वाजला. बाईचा आवाज होता, शांत, जरा घोगरा.

"तुमचा मुलगा आमच्याकडे आहे. माझ्या नवऱ्याला त्यानं मारलं, असं इथे सगळे म्हणतायत. मला तसं वाटत नाही. प्रेत उचलायच्या आत या, आणि कुणी मारलं ते शोधून दाखवा. नंतर माझ्या हातात काही राहणार नाही."

ज्या माणसाच्या मागावर फौजदारांनी उभी नोकरी घालवली, त्याच माणसाची गाडी त्यांचा मुलगा चालवत होता. घरातून जाताना त्यानं सांगितलं होतं, "बाबा, ते पगार देतात आणि माणसाशी बोलतात तरी." फौजदारांनी त्याचं तोंड न बघण्याची शपथ घेतली आणि ती हट्टानं पाळली. आज चप्पल सापडेना तेव्हा ते तसेच अनवाणी निघाले.

यार्डाच्या फाटकात मालकांचा थोरला मुलगा उभा होता. बापासारखाच आडदांड, तसेच फावड्याएवढे हात. एका हातात लोखंडी पहार.

"या फौजदार. तुमच्या पोराला आम्ही बसायला जागा दिलीय," तो म्हणाला. "प्रेसमध्ये. बटण तेवढं दाबायचं राहिलंय."

२

प्रेसच्या जबड्यात एक बिनकाचेची जुनी गाडी होती आणि तिच्या पुढच्या सीटला मुलाला दोरखंडानं आवळलेलं होतं. ओठ फाटलेला, पुढचा एक दात गेलेला, डावा हात नको त्या ठिकाणी वाकलेला. फौजदारांनी अशी माणसं खूप पाहिली होती, पण त्यांतल्या एकालाही त्यांनी चालायला शिकवलं नव्हतं.

"बाबा, मी नाही केलं."

"नंतर. आधी सांग, सकाळी काय काय झालं."

मुलगा थांबत थांबत बोलला. मालकांनी त्याला उशिरा ये म्हणून सांगितलं होतं. पण गाडी धुवायची राहिली होती, म्हणून तो लवकर आला. शेडमध्ये मालक स्टिअरिंगवर पडलेले दिसले. त्यानं खांद्याला धरून त्यांना मागे ओढलं, तेव्हा हात रक्तानं माखले.

"मग ओरडलास?"

"नाही. प्रेस चालू होतं, ओरडून कुणाला ऐकू जाणार. मी एक लांब हॉर्न दिला."

"लांब कशाला?"

"आमच्या आवाराची रीत आहे ती. इथल्या खडखडाटात मालक कधी हाक मारत नाहीत, गाडीतल्या गाडीत हॉर्न देतात. एक लांब म्हणजे थोरला. दोन आखूड म्हणजे धाकटा. तीन म्हणजे मी. ज्याचा हॉर्न त्यानं हातातलं टाकून पळत यायचं. पोरं बोलायला लागायच्या आधी हॉर्न ओळखायला शिकली म्हणे."

"मग थोरला आला?"

मुलानं मान हलवली. "हॉर्न वाजलाच नाही, बाबा. मी दाबत राहिलो. शेवटी धावत गेलो. मला रक्तानं भरलेला बघितल्यावर थोरल्यानं विचारलंही नाही काही, पहारच हाणली."

"पुरे झालं बापलेकाचं," मागून थोरला म्हणाला आणि पहारेनं गाडीचा पत्रा वाजवला. मुलगा शहारला. "तिकडे प्रेताला आंघोळ घालतायत. तेवढाच वेळ आहे तुमच्याकडे."

३

फौजदार शेडमधल्या गाडीकडे गेले. मालकांना काढून नेलं होतं, बाकी सगळं जसंच्या तसं होतं. जुनी, भक्कम गाडी. सीटला मान टेकायची उशी नव्हती. मागे बसलेल्याला पुढच्याची उघडी मान आयती मिळायची.

इथेच ते अडखळले. ज्यानं आयुष्यभर पाठीत सुरे खुपसले, त्याला स्वतःच्या पाठीची भारी काळजी असते. मालक कधीच कुणाला मागे बसू देत नसत, हे पोलिसातल्या नव्या शिपायालाही ठाऊक होतं. स्वतः मागे बसायचे, आणि गाडी हाकायची वेळ आलीच तर सोबतच्याला शेजारी घ्यायचे. मग आज मागच्या सीटवर कुणाला बसू दिलं?

शेजारच्या सीटवर एक फडकं पडलं होतं. ते उचललं तर खाली पिस्तूल. भरलेलं, घोडा ओढून ठेवलेला, नळी शेजारी येऊन बसणाऱ्याच्या बरगडीच्या रोखानं. म्हातारा कुणाची तरी वाट बघत होता, आणि ती चहा पाजायला नक्कीच नव्हे.

स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या गोलावर, रक्तानं माखलेल्या तळव्याचा ठसा स्पष्ट उमटला होता. फौजदारांनी रुमालानं हॉर्न दाबून बघितला. हूं नाही की चूं नाही.

बॉनेट उघडलेलं नव्हतं. त्याच्या फटीतली धूळ आणि गंज जसाच्या तसा होता. फौजदार गुडघे कुरकुरत असतानाही जमिनीवर आडवे झाले आणि बॅटरीच्या उजेडात पुढच्या जाळीखालून वर बघितलं. हॉर्नची तार कापलेली होती. खालून हात घालून कापलेली. त्यांनी स्वतःचा हात घालून बघितला, तो बोटांच्या पेरांपाशीच अडकला आणि सोलून निघाला. मग एका वाकड्या सळीनं तारेचं टोक खाली ओढलं.

टोक मागे दुमडून तारेवरच त्याला पीळ दिला होता. उघडं टोक पत्र्याला लागून हॉर्न आपोआप बोंबलू नये, म्हणून. ही घडी त्यांनी पूर्वी पाहिली होती, एकदा नव्हे, पुष्कळ वेळा. त्यांनी बोटभर तुकडा तोडून खिशात टाकला आणि उठताना गाडीचा आधार घेतला, कारण ही घडी घालणारा माणूस त्यांच्या हिशेबी केव्हाच मेला होता.

४

मालक तरुण होते तेव्हा ते दोघं चोऱ्या करत. एक आडदांड, एक चणीनं लहान. आडदांड कुलूप फोडायचा. गाडीनं बोंब मारू नये म्हणून लहान्या आधी गाडीखाली सरकून हॉर्नची तार कापायचा आणि टोक दुमडायचा. मालकाला फौजदारांनी दोनदा आत टाकलं. जोडीदार कधी हाती लागला नाही. एकदाच भिंतीवरून उडी मारताना तो त्यांच्या तावडीत आला होता, पण हाती आली फक्त त्याची टोपी. पुढे ती जोडी दिसेनाशी झाली, आणि मालकानं जोडीदाराचा काटा काढला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. फौजदारांनीही.

त्यांनी थोरल्याला विचारलं, "हॉर्नची तार कापता येते का तुला?"

थोरला हसला. "कुठल्या जमान्यात आहात? आता लॅपटॉप जोडला की गाडी स्वतःच दार उघडते. तारा कापायच्या त्या मालकांच्या गोष्टीत. मालक आणि त्यांचा तो जोडीदार. उंदराच्या बिळात हात जायचा म्हणे त्याचा."

बापाला तोही मालकच म्हणत होता. त्या घरात बाबा असं कुणी म्हणतच नसे.

"सकाळी कुठे होतास?"

"प्रेसवर. मालकांनी सांगितलं होतं, सकाळपासून चालू ठेव. हॉर्नकडे कान लावून होतो."

"तुझ्या हॉर्नकडे?"

"कुठल्याही," तो म्हणाला आणि पहार दुसऱ्या हातात घेतली.

धाकटा टायरांच्या ढिगाऱ्यावर बसला होता. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता आणि गळ्यावर बोटांचे वळ होते.

"मालकांनी?" फौजदारांनी विचारलं.

"काल. मी पोलीस ठाण्यात गेलो होतो."

"काय सांगितलंस?"

"काहीच नाही. दारातूनच परत आलो. हिंमत झाली नाही." तो कसनुसा हसला. "तरी त्यांना कळलं. मारताना शिव्या देत होते तोवर मी घाबरलो नाही. मग एकदम थांबले आणि म्हणाले, जा, जेवून घे. तेव्हा घाबरलो."

मालकीण घराच्या पायरीवर बसली होती. खांद्यावरून जाड शाल, उजवा हात शालीच्या आत. डोळे कोरडे. तिनं डाव्या हातानं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला केला. मोठा पेला होता, तिची इवलीशी बोटं त्याच्याभोवती पुरत नव्हती.

"सापडलं काही?" तिनं विचारलं.

"थोडं. तुम्ही मला का बोलावलंत?"

"दोघांच्या बापानं त्यांना काय शिकवलं ते मला माहीत आहे. तुम्ही तुमच्या पोराला काय शिकवलंत, ते तो गाडी चालवताना दिसतं. रस्त्यात कुत्रं आलं तरी थांबतो." ती उठली. "चला. प्रेत तयार झालंय."

५

सगळे प्रेसपाशी जमले. थोरला बटणांच्या केबिनच्या दारात उभा राहिला.

"बोला फौजदार. नाहीतर पोराला शेवटचं बघून घ्या."

फौजदारांचा आवाज नोकरीतला निघाला. "माझ्या मुलाचा उजवा तळवा बघ आणि हॉर्नवरचा ठसा बघ. रक्तानं भरलेल्या हातानं त्यानं हॉर्न दाबला, तुला बोलवायला. ज्यानं स्वतः तार कापली तो मेलेला हॉर्न कशाला दाबत बसेल? तार कापली एकानं, आणि हॉर्न दाबला दुसऱ्यानं. मारणारा तोच, ज्यानं जाळीखालून हात घालून तार कापली."

थोरला एका गड्याला घेऊन शेडमध्ये गेला. परत आला तेव्हा चेहरा पडलेला होता. बाकी काही असो, ठसा त्याला वाचता येत होता. त्यानं मुलाचे दोर कापायला सांगितलं.

"मग कुणी? आणि तार कशाला कापली?"

"एक हाक जाऊ नये म्हणून," फौजदार म्हणाले. "मालकांनी ड्रायव्हरला सुट्टी दिली. शेजारी पिस्तूल लपवलं. तुला प्रेस चालू ठेवायला सांगितलं, म्हणजे गोळीचा आवाज बुडावा, आणि नंतरचं कामही तिथल्या तिथे व्हावं. आता फक्त एकाला हॉर्न द्यायचा होता. तो पळत येणार, शेजारी बसणार. त्यांनी हॉर्न दाबला, वाजला नाही. काय झालं म्हणून पुढे वाकले, आणि मान उघडी पडली."

"कुणाला हॉर्न द्यायचा होता?" एका गड्यानं विचारलं.

"दोन आखूड," धाकटाच म्हणाला.

धाकट्यानं थोरल्याकडे बघितलं. मग त्याची नजर आईकडे गेली, तिच्या शालीवर थांबली, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो पुढे आला.

"मी मारलं," तो म्हणाला. "मला कळलं होतं. मीच तार कापली."

थोरल्यानं त्याला पुढचं बोलू दिलं नाही. पहारेचा पहिला फटका गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. खाली पडलेल्या भावाला केसांना धरून तो प्रेसकडे फरफटत नेऊ लागला, जमिनीवर मागे रक्ताचा ओरखडा उठत गेला.

"फौजदार, तुमचं काम झालं," तो धापा टाकत म्हणाला. "फाटक उघडं आहे."

६

फौजदारांनी मुलाच्या कमरेत हात घातला आणि ते चालू लागले. फाटक समोर होतं. मुलाचं वजन अंगावर येत होतं, त्याच्या श्वासाची शिट्टी कानाशी वाजत होती, आणि फौजदारांना आयुष्यात दुसरं काहीही नको होतं. आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. चोराघरची भानगड, त्यांची ती बघून घेतील.

"बाबा," मुलगा म्हणाला. "त्याचा हात नाही जाणार."

"चल तू."

"त्या जाळीतून माझा जात नाही. बल्ब बदलताना किती वेळा सोलून घेतलाय. धाकट्याचा तर बापासारखा पंजा आहे. तो खोटं बोलतोय." मुलगा थांबला. "तुम्हाला माहीत आहे ना?"

फौजदारांना राग आला. मुलाचा, स्वतःचा, त्याला असं वाढवलं त्याचा. मग ते वळले.

थोरल्यानं धाकट्याला उचलून गाडीत कोंबलं होतं. फौजदार त्याच्याकडे गेलेच नाहीत. ते मालकिणीपुढे जाऊन उभे राहिले आणि खिशातला तारेचा तुकडा तळहातावर ठेवून पुढे केला.

"ही घडी मी ओळखतो," ते म्हणाले. "मी वर्षानुवर्षं एका बारक्या पोऱ्याला शोधत होतो. माझं चुकलं. मी पोऱ्या शोधत होतो."

तिनं तुकड्याकडे बघितलं. मग उजवा हात शालीबाहेर काढला. हाताची पाठ मनगटापर्यंत सोललेली होती.

"हात जाड झाला आता," ती म्हणाली. "पूर्वी ओरखडा उठायचा नाही. माझी टोपी ठेवलीत का जपून?"

"आई?" थोरला म्हणाला.

"सोड त्याला. मी मारलं."

"तुला कुणी सांगितलं हे बोलायला?"

"मला मालकांनीच सांगितलं, आज काय करायचं ते. जोडीदाराला सगळं सांगायचं, ही आमची पहिल्यापासूनची बोली. म्हणाले, तू मागे बस. तू दिसलीस की पोरगं बिचकणार नाही." तिचा आवाज तिथे फाटला, मग पुन्हा सरळ झाला. "त्यांनी कुणालाच पाठ दिली नाही कधी. मला दिली. मी होते म्हणून दिली."

थोरला केबिनच्या दारात गेला होता. "मालकांचा नियम आहे. घरातल्याला मारणारा प्रेसमध्ये. कुणीही असो."

"माहीत आहे. तो केला तेव्हा मी शेजारी बसले होते."

ती चालत गेली. तिनं धाकट्याला गाडीतून ओढून बाहेर काढलं. फौजदारांच्या मुलानं एका हातानं मदत केली. धाकटा तिच्या पायाला विळखा घालून रडत होता. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याच्या जागी जाऊन बसली, केबिनकडे पाठ करून.

"काल त्यांनी विचारलं तेव्हा तू धाकट्यासाठी हो म्हणालास," ती मागे न बघता थोरल्याला म्हणाली. "आता माझ्यासाठी म्हण."

७

थोरल्यानं बटण दाबलं.

फौजदार धावले. धाकटा किंचाळला. आणि काहीच झालं नाही. थोरल्यानं पुन्हा दाबलं, मग मुठीनं ठोकलं, पुन्हा पुन्हा, तोंडानं लहान पोरासारखा हुंदके देत. वरचा जबडा तसाच लटकत राहिला. शेवटी तो केबिनच्या दारातच खाली बसला आणि त्याला भडाभडा ओकारी झाली. पहार त्याच्या हातातून केव्हाच गळून पडली होती.

फौजदारांनी केबिनखालची पेटी उघडली. बटणाची तार कापलेली होती. टोक मागे दुमडून त्यावर पीळ.

"ही कधी कापलीत?" त्यांनी गाडीपाशी जाऊन विचारलं.

"सकाळीच. सगळे दोरखंड शोधत होते तेव्हा," ती डोळे मिटूनच म्हणाली. "तुमच्या पोराला आत बसवत होते. मला दोन जीव घ्यायचे नव्हते. एकच घ्यायचा होता."

तिनं डोळे उघडले, पण मागे वळली नाही. जे विचारायचं होतं ते तिला जड जात होतं.

"फौजदार, मला इथून दिसत नव्हतं." तिनं ओठ ओले केले. "त्यानं दाबलं का?"

गडी जमिनीकडे बघत होते. धाकट्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. थोरला गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

फौजदारांनी इतक्या वर्षांच्या नोकरीत साक्षीच्या पिंजऱ्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं. घरातही नाही. मुलानं दुरावा धरला त्याचं एक कारण तेच होतं.

"नाही," ते म्हणाले. "हात वर नेला होता. नाही दाबलं."

तिनं मान हलवली. मग सोललेला हात त्यांच्यापुढे केला. तो धरून त्यांनी तिला खाली उतरवलं. हात खरोखरच फार लहान होता.

पोलिसांची गाडी येईपर्यंत ते फाटकापाशी बसून राहिले. मुलगा शेजारी येऊन टेकला. त्यानं आपला धड हात बापाच्या हाताखालून घातला, आणि फौजदारांनी तो काढला नाही.